मुक्काम पोस्ट भिवपुरी कॅम्प

मध्य रेल्वेवर नेरळ आणि कर्जत यांच्या मध्ये भिवपुरी रोड नावाचं स्टेशन आहे. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे धबधब्यासाठी झुंबड उडते, एरवी कॉलेजची मुलं चढतात-उतरतात. भिवपुरीला नोकरी लागलेला नवखा माणूस नाव वाचून इथेच उतरतो आणि फसतो. टाटांचं वीजगृह असलेलं भिवपुरी, कर्जतकरांच्या तोंडी ‘भिवपुरी कॅम्प’, गाठायचं तर पुढे कर्जतला उतरून पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्याची वाट धरावी लागते. एकट्या माणसाचा यात फार तर अर्धा दिवस जातो. त्याच्या मागून टेम्पोत कपाट, शेगडी आणि मुलांच्या सायकली घालून येणाऱ्या बिऱ्हाडाचा घोळ मात्र पुढे दोन-तीन वर्षं चालतो.

दोन-तीन वर्षं, कारण इथली नोकरी बहुतेक वेळा तेवढीच असते. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं महाराष्ट्र सरकारबरोबर पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या दोन प्रकल्पांचा करार केला. शिरवट्याला १८०० मेगावॉट, भिवपुरीला १००० मेगावॉट, दोन्ही मिळून सुमारे १३ हजार कोटी रुपयांची गुंतवणूक. वीज स्वस्त आणि मुबलक असेल तेव्हा खालचं पाणी पंपानं वर न्यायचं आणि संध्याकाळी शहरं दिवे लावतात तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज काढायची, असं हे तंत्र. अशा प्रकल्पांवर बोगदेवाले येतात, काँक्रीटवाले येतात, सर्वेक्षणवाले येतात. आपापलं काम उरकलं की दुसऱ्या साइटवर जातात. त्यांच्याबरोबर जी माणसं येतात, त्यांना मात्र इथे कसलंच काम नेमून दिलेलं नसतं.

या माणसांची मोजदाद सरकार करतं, पण एका विचित्र रकान्यात. जुलै २०२० ते जून २०२१ या काळातल्या केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात स्थलांतराची कारणं विचारली गेली. गाव सोडलेल्या बायकांपैकी ८६.८ टक्के जणींनी लग्न हे कारण सांगितलं. आईवडील किंवा घरातला कमावता माणूस हलला म्हणून आपण हललो, असं सांगणाऱ्या ७.३ टक्के निघाल्या. म्हणजे सासरी आलेली बाई पहिल्या रकान्यात गेली आणि नवऱ्याच्या तिसऱ्या बदलीत तिसऱ्यांदा भांडी बांधणारी बाई दुसऱ्यात. त्या तिसऱ्या गावात तिनं काय केलं, याला रकाना नाही.

कर्जत-खालापूरच्या इतिहासात मात्र अशा एका बाईचं नाव कागदोपत्री आलं. यायला तिचा नवरा मरावा लागला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत पोचली. १८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला बोरघाट तसाच होता. प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. घाटातल्या रुळांचं कंत्राट विल्यम फॅव्हिएल याच्याकडे होतं आणि जानेवारी १८५६ मध्ये त्यानं काम सुरू केलं. साथींनी मजूर दगावत होते, मजुरी थकत होती. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली आणि त्याच वर्षी फॅव्हिएलनं कंत्राट सोडलं.

त्याच्या जागी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आला. सोबत त्याची बायको ॲलिस. आजच्या भाषेत सांगायचं तर नवऱ्याला साइट मिळाली आणि ती बरोबर आली. काम संपलं की परत जायचं, एवढाच बेत असणार. पण आल्यावर काही आठवड्यांतच सॉलोमन आजारी पडून वारला. परक्या देशात, कसलीही ओळखपाळख नसलेल्या डोंगरात, एका बाईच्या हाती अर्धवट खणलेला घाट उरला.

ॲलिसनं परतीचं जहाज धरलं नाही. तिनं कंत्राट स्वतःच्या नावावर पुढे चालवलं आणि स्वेनसन ॲडमसन व जॉर्ज क्लाउझर या दोन अभियंत्यांवर प्रत्यक्ष कामाची जबाबदारी सोपवली. तिला बोगद्यांचं गणित येत होतं असं कोणी म्हणत नाही. पण कोणाला गणित येतं ते तिनं ओळखलं, आणि कंत्राटदाराला तेवढं कळलं तर पुष्कळ झालं. १८६१ मध्ये घाटावर एका वेळी ४२ हजारांहून जास्त माणसं राबत होती. पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल आणि अठराशे फुटांहून अधिक चढ. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले काम पुरं होण्याआधीच, १८६२ मध्ये, वारले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. त्या कामाची छायाचित्रंही ॲलिस ट्रेडवेलच्या नावावर आहेत.

आज कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात. तेवढ्या वेळात फलाटावर दिवाडकरांचा वडा खाऊन होतो. वर दिसणारा घाट एका विधवेच्या कंत्राटात पुरा झाला, हे बटाटेवडा खाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. स्टेशनवर तिच्या नावाची एखादी पाटी लावायला फारसा खर्च येणार नाही.

पण ॲलिसची गोष्ट सांगताना त्या ४२ हजारांना ओलांडून जाता येत नाही. त्यातले पुष्कळ जण देशावरून आले होते आणि घाटावर बायकाही काम करत होत्या. नवरा दगड फोडायचा, बायको पाटी उचलायची. त्यांच्या बाबतीत ‘नवऱ्याच्या नोकरीसाठी आलेली बायको’ ही भाषाच लागू पडत नाही. काम दोघांचं होतं, हिशेब मात्र एकाच्या नावावर.

ही रीत घाटाबरोबर संपलेली नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरचे कातकरी आजही दिवाळीनंतर बाहेर पडतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळसा पाडायला. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती केंद्र सरकारनं विशेष दुर्बल ठरवल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी येतात. भट्टीमालकाकडून किंवा त्याच्या माणसाकडून आधी बयाणा घ्यायचा. तो पावसाळ्यात, सणात, दुखण्यात खर्चून जातो. मग पाऊस येईपर्यंत सगळ्या कुटुंबानं राबून तो फेडायचा. भट्टीवर जोडी धरतात. चिखल तुडवणं, साचे मारणं, विटा रचणं या कामांत नवऱ्याइतकीच बायको असते आणि चालती-बोलती पोरंही असतात. मराठवाड्यातल्या ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, तसंच हे.

सरकारी योजनांनी या जाण्या-येण्याची थोडी दखल घेतली आहे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं काढायची, बरोबर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेनं त्यांना विनातक्रार बसवून घ्यावं. एका गावचं रेशनकार्ड दुसऱ्या गावी चालावं अशीही सोय झाली आहे. पण शाळा भट्टीपासून किती लांब, आणि अंगठा उमटवायला एका दिवसाची मजुरी बुडते की नाही, यावर सगळं अवलंबून राहतं. साहेबाच्या बायकोचं बदलीच्या गावी येणं आणि कातकरणीचं भट्टीवर जाणं या दोन गोष्टी एका पानावर मांडल्या की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल. पण दोघी एकाच तालुक्याच्या रस्त्यावर भेटतात, आणि भेटतात ते बाजारात.

त्या बाजाराकडे येण्याआधी कॅम्पाकडे जायला हवं.

टाटांची पहिली जलवीज १९१५ मध्ये खोपोलीला निघाली. दुसरं वीजगृह भिवपुरीचं. त्यासाठी १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी काढली आणि १९२२ पासून भिवपुरीची वीज मुंबईकडे जाऊ लागली. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधून अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणात, आणून सोडतात. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे बंगालच्या उपसागराला जायचं पाणी इथे पाठ फिरवून अरबी समुद्राकडे जातं. तिसरं वीजगृह भिऱ्याचं, १९२७ सालचं. त्याच्या मुळशी धरणापायी मावळ्यांची गावं बुडणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते तिथेच. काही वर्षांपुरतं उठून येणाऱ्यांचा हा लेख असला, तरी कायमचं उठावं लागलेल्यांचा विसर पडू नये.

वीजगृह चोवीस तास चालतं, त्यामुळे माणसांना जवळच राहणं भाग. म्हणून कॅम्प. क्वार्टर, पाळ्या, भोवती रान आणि मागे सरळ उभा डोंगर. इथे राहायला येणारी बाई एका अर्थानं कंपनीतच राहायला येते. शेजारीण ही नवऱ्याच्या वरिष्ठाची बायको असते, गणपतीची वर्गणी गोळा करणारा नवऱ्याच्या पाळीतला असतो, भांडण झालंच तर ते उद्या कंट्रोल रूममध्ये पोचलेलं असतं. ज्यांना हे मानवतं ते जन्मभराचे स्नेही होतात. ज्यांना मानवत नाही त्यांना कर्जतच्या बाजारपेठेत, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथे जाऊन उगाच चार वस्तूंचे भाव विचारण्यात सुख वाटतं.

कॅम्पाचं गावाशी खरं नातं पाण्याचं आहे. वीज काढून झालेलं पाणी पेज नदीत आणि राजनाला या कालव्यात येतं. राजनाल्यामुळे कर्जत तालुक्यातली बरीच गावं पावसाळ्यानंतर उन्हाळी भाताचं दुसरं पीक काढतात. कोकणात बाकी ठिकाणी एप्रिलमध्ये शेतं भाजून निघालेली असतात तेव्हा इथे हिरवी खाचरं दिसतात. कर्जतला भाताचं संशोधन केंद्रही आहे आणि त्याच्या वाणांना ‘कर्जत’ हेच नाव लागतं. घाटावरून बदलून आलेल्या, ज्वारी-बाजरीत वाढलेल्या बाईला पहिला धक्का याचाच बसतो की इथे भात हा जेवणातला एक पदार्थ नाही, जेवण म्हणजेच भात.

दुसरा धक्का पावसाचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडणारा पाऊस आकड्यात समजत नाही. तो कळतो कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते तेव्हा, आठ दिवस न वाळलेल्या शाळेच्या गणवेशावर इस्त्री फिरवताना, आणि मीठ पाणी सोडतं तेव्हा. कोकणातली घरं पावसाआधी आगोटीचं सामान भरून ठेवतात. सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा. नव्यानं आलेल्या बिऱ्हाडाला हे मे महिन्यात कोणी सांगितलं तर ठीक, नाहीतर जुलैत शिकावं लागतं.

आणि पहिल्या पावसाबरोबर बाजारात कातकरी आणि ठाकर बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं. शेवळं घेताना त्यांच्याबरोबर काकडं घ्यावीच लागतात, नाहीतर घशाला खाज सुटते. नागपूरची किंवा साताऱ्याची बाई हे ऐकून आलेली नसते. तिला ते शेवळं विकणारी सांगते आणि काकडं जुडीबरोबर देते. दर बदलीत नवा किराणावाला, नवा डॉक्टर आणि नवा न्हावी शोधावा लागतो असं सगळे म्हणतात. इथे त्या यादीत ही बाईही धरावी. मात्र तिची ओळख पावसाळ्यापुरती. दिवाळीनंतर ती भट्टीवर गेलेली असते.

मराठीत बदलीच्या गावाबद्दल आरंभी ज्यांनी मोकळेपणानं लिहिलं त्यांत रमाबाई रानडे ठळक आहेत. १९१० मध्ये आलेल्या त्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकाचा बराच भाग त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या बदल्यांनी व्यापला आहे. १८७८ मध्ये पुण्याहून नाशिक, १८७९ मध्ये धुळे. धुळ्याची बदली साधी नव्हती. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे दिवस होते आणि सरकारला पुण्यातल्या पुढाऱ्यांचा संशय येत होता. हे फडके मूळचे पनवेलजवळच्या शिरढोणचे, म्हणजे आजच्या रायगडातलेच. धुळ्यात रानड्यांच्या घरी येणारी पत्रं फोडली जात होती. विशीही न गाठलेली बायको, परकं गाव आणि फोडलेली पत्रं. नवऱ्याच्या नोकरीतला संशय घरात कसा उतरतो ते यात दिसतं. दुसरी बाजूही आहे. पुण्याच्या वाड्यात सासरच्या बायका रमाबाईंच्या शिकण्यावर डोळे वटारून असत. बदलीच्या गावी हा पहारा सैल होत असे. एकत्र कुटुंबातल्या सुनेला बदली ही शिक्षा वाटे की सुटका, याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असणार, पण सुटका वाटणाऱ्या कमी नसतील.

आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत बदल्यांनी टोकच गाठलं. १८६५ साली कल्याणला जन्म, म्हणजे कर्जतची लोकल जिथून जाते त्याच गावात. नवव्या वर्षी पोस्टात काम करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न. मग अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बंगालमधलं श्रीरामपूर. पोस्टाची नोकरी बदलीची, आणि गोपाळराव हट्टानं लांबच्या बदल्या मागून घेणारे. बायकोला शिकवायचं तर नातेवाइकांपासून दूर असलेलं बरं, हा त्यांचा हिशेब. बंगालमध्ये बूट-मोजे घालून रस्त्यानं चालणाऱ्या या मराठी बाईला लोक थांबून बघत, टोमणे मारत. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आपण अमेरिकेला का जातो हे सांगायला त्या उभ्या राहिल्या, तेव्हा रस्त्यावरचा हा जाचही त्यांनी बोलून दाखवला. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून गोपाळरावांशिवाय निघाल्या.

पुढे गोष्ट उलटी फिरली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना एम.डी.ची पदवी मिळाली तेव्हा मागाहून तिथे पोचलेले गोपाळराव हजर होते. या वेळी गाव बायकोचं होतं, ओळखी बायकोच्या होत्या, आणि यजमानांच्या देशात त्यांच्याच धर्मावर आणि चालीरीतींवर तोंडसुख घेणारी व्याख्यानं देऊन गोपाळरावांनी सगळ्यांना अवघडवून सोडलं. दुसऱ्याच्या मुक्कामात रिकामं बसणं पुरुषाला किती जड जातं, याचा हा मराठीतला बहुधा पहिला नमुना. मग कोल्हापूर संस्थानानं अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची जागा आनंदीबाईंना देऊ केली. त्याच कोल्हापुरात त्या पूर्वी पोस्टातल्या माणसाची बायको म्हणून राहिल्या होत्या. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यात क्षयानं वारल्या.

दोघांनीही नोकरी करायची तर एकाच गावी कशी, हा प्रश्न सरकारनं निदान आपल्या नोकरांपुरता मान्य केला आहे. ३० सप्टेंबर २००९ च्या आदेशानं केंद्र सरकारनं पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं असं बजावलं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयात ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा वेगळा संवर्ग केला गेला. दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर मागणी करता येते. आता समजा, नवरा भिवपुरीच्या साइटवर कंत्राटी कंपनीचा अभियंता आहे आणि बायको साताऱ्याला जिल्हा परिषदेची शिक्षिका. तिथे हे नियम फारसे उपयोगी पडत नाहीत. बायको रजा घेते, नाहीतर राजीनामा देते, नाहीतर येतच नाही.

येतात त्यांच्यापुढे घराचा प्रश्न. कंपनीची क्वार्टर कायम नोकरांना. कंत्राटावरच्या माणसाला कर्जतमध्ये भाड्यानं बघावं लागतं. कर्जतमध्ये आणि आसपास घरांच्या जाहिरातींना तोटा नाही, पण त्यातल्या पुष्कळ मुंबईकरांच्या शनिवार-रविवारसाठी आहेत. पोहण्याचा तलाव जवळ आणि किराणा लांब. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, असा समज सगळीकडे आहे आणि दलालही तसंच सांगतो. महाराष्ट्रात ते खरं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी करून नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय नोंदवलेला करार हाती असला की गॅस, बँक आणि शाळा या तिन्ही ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून तोच पुढे करता येतो. बिऱ्हाड हलवणाऱ्यानं पहिल्या दिवशी मागावी अशी ही गोष्ट, पण बहुतेक जण ती शाळेच्या खिडकीशी उभे राहिल्यावर शोधतात.

बऱ्याच घरांत तिसरी वाट काढली जाते. बायको-मुलं डोंबिवलीला किंवा नवी मुंबईत, नवरा कर्जतला एका खोलीत, आणि शनिवारी लोकल. कर्जत मुंबईपासून शंभर किलोमीटर, लोकलनं दोन तासांच्या वर. नवी मुंबईचं घर असेल तर आजवर कल्याण-ठाण्याचा वळसा पडत आला आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात (एमयूटीपी-३) हाती घेतलेला पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग हा वळसा तोडतो. लांबी तीस किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि वावर्ल्याजवळचा बोगदा अडीच किलोमीटरहून मोठा. त्या मार्गावर गाडीला पाऊण तास लागला, तरी पनवेलला नोकरी असलेल्या बाईला कर्जतला राहून रोज जाता येतं, किंवा नवऱ्याला पनवेलहून रोज साइटवर. कर्जत स्टेशन ते कॅम्प हा शेवटचा तुकडा एसटीचा किंवा रिक्षाचा, आणि पाळी रात्रीची असेल तर स्वतःच्या दुचाकीचा. तेव्हा पास कोणी काढायचा, हा प्रश्न पुढच्या काही वर्षांत या भागातल्या पुष्कळ स्वयंपाकघरांत निघणार आहे.